वेल्डरीण उतरली

आमच्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या चार सीटांचा एक नियम होता. मोशी येईपर्यंत मोबाईल उघडायचा नाही. मी पिंपळे गुरवला चढायचे. मग कासारवाडीला लातूरची मुलगी, भोसरीला डिस्पॅचचे भाऊ, आणि सगळ्यांत शेवटी मोशीला काका. काका आले, त्यांनी डबा वरच्या रॅकवर ठेवला, टोपी काढून गुडघ्यावर घेतली, की लातूरची मुलगी समोरच्या सीटच्या पाठीला रबरबँडने मोबाईल अडकवायची आणि आमची मालिका सुरू व्हायची.

मोशीपासून चाकणच्या गेटपर्यंत अंतर असं फार नाही. पण त्या रस्त्यावर कुणी अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे कंटेनरची रांग लागलेली असली तर एक अख्खा भाग बघून व्हायचा. रस्ता मोकळा मिळाला की बाकीची बस खूश आणि आम्ही चौघं हिरमुसलेले. "आज काय सुट्टी आहे का रस्त्याला?" असं भाऊ चिडून म्हणायचे.

मालिका लातूरच्या मुलीने आणलेली. ती डिप्लोमा करून दोन वर्षांसाठी ट्रेनी म्हणून लागली होती, माझ्याच हाताखाली, क्वालिटीमध्ये. तयार झालेल्या भागांची मापं तपासायची, हे आमचं काम. लॅबमध्ये ती मला मॅडम म्हणायची आणि बसच्या पायरीवर पाय ठेवला की ताई. कासारवाडीला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. खोलीवर वायफाय होतं, म्हणून रविवारी बसून आठवड्याचे भाग ती उतरवून ठेवायची.

मालिका परदेशातली, इंग्रजी, अंतराळातली. खूप पुढच्या काळातली गोष्ट. यानांच्या वाटांवर ठिकठिकाणी दिवे लावलेले असतात, समुद्रात असतात तसे, आणि ते दुरुस्त करत फिरणारा एक खडूस म्हातारा असतो. त्याच्या यानावर पहिल्याच भागात एक तरुण वेल्डर मुलगी चढते. दोघं मिळून दिव्यामागून दिवे नीट करत जातात, भांडतात, संकटात सापडतात, सुटतात. एकच मोठी मेख असते. ते यान इतकं वेगाने जातं, की आत एक वर्ष सरलं तर खाली जमिनीवर तीस-चाळीस वर्षं होऊन जातात. हे काकांना समजावायला लातूरच्या मुलीला एक अख्खा आठवडा लागला. शेवटी एका सकाळी काका म्हणाले, "म्हंजी जो उतरला, तो गेला. पुन्हा गाठ न्हाई."

"हां, बरोबर," ती म्हणाली.

"मग आसं सरळ सांगायचं की. वेग न् बिग कशाला?"

काका टूलरूममध्ये फिटर होते. मूळचे मोशीचेच, पिढ्यान् पिढ्या तिथले. रिटायर व्हायला दोन-अडीच वर्षं राहिलेली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि खालची अक्षरं वाचायला चष्मा पुरत नव्हता, त्यामुळे मी त्यांच्या कानाशी बसून सगळं मराठीत सांगायचे. आधी एकेक वाक्य सांगत होते. मग मला त्याची गोडी लागली. त्या खडूस म्हाताऱ्याला मी नकळत माझ्या पहिल्या साहेबांची भाषा दिली, आणि वेल्डर मुलगी बोलायला लागली लातूरच्या मुलीसारखी. काकांनी दोघांना नावंही ठेवली. तो दिवेवाला आणि ती वेल्डरीण. आमच्या तोंडी तीच नावं बसली. त्यांची मूळ नावं आता मला आठवावी लागतात.

वेल्डरीण काकांची लाडकी होती. पहिल्यांदा तिने हातात वेल्डिंगची टॉर्च घेतली तेव्हा काका सीटवरून पुढे झुकले. "ही शिकल्याली हाय," ते म्हणाले. "मनगट बगा. टीव्हीत सगळे नुसत्या ठिणग्या उडिवत्यात. हिनं आधी हात टेकला, मग धरली." एकदा ती डोळ्यांपुढे काच न लावता वेल्डिंग करते असा प्रसंग होता, तर काका दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी परतीच्या बसमध्येही म्हणाले, "डोळं जातील पोरीचं. त्या म्हाताऱ्यानं सांगायला नको का?"

भाऊंचं बघणं वेगळं. ते डिस्पॅचला होते, गाड्या लावणं, चलनं बनवणं, दिवसभर ड्रायव्हरांशी हुज्जत. घरी गेल्यावर ते इंटरनेटवर जगभरातले लोक मालिकेबद्दल काय लिहितात ते वाचायचे, आणि सकाळी भोसरीला चढतानाच बातमी द्यायचे. "मॅडम, दिवेवाला तिचा बाप निघणार बघा. तिकडे सगळे हेच म्हणतायत." तसं काही निघायचं नाही. पण भाऊंचा तिकडच्या लोकांवरचा विश्वास कधी ढळला नाही.

तीन सीझन व्हायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं. शेवटचा भाग दोन तासांचा होता. तो असा रबरबँडवर, हॉर्नच्या आवाजात बघायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं आणि मी सगळ्यांना रविवारी सकाळी घरी बोलावलं.

काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, लग्नाला आल्यासारखे. हातात पिशवी, पिशवीत परसातली अळूची पानं. लातूरच्या मुलीने डबाभर सुशीला करून आणला होता. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिकडचा तो प्रकार माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदाच खाल्ला आणि दोनदा मागून घेतला. भाऊंनी जिलबी आणली. आम्ही पडदे ओढले आणि मी नेहमीसारखी काकांच्या डाव्या बाजूला बसले.

शेवटच्या भागात दिवेवाल्याचं यान एका बंदरावर थांबतं. हे वेल्डरणीचंच गाव. ती यानावर चढली तेव्हा मागे नऊ वर्षांची धाकटी बहीण राहिलेली असते. आता ती बहीण पांढऱ्या केसांची म्हातारी झालीय, काठी टेकत धक्क्यावर येऊन उभी आहे. वेल्डरीण मात्र तशीच तरुण. इकडे पुढचा एक दिवा विझलेला असतो, त्या वाटेवर कितीतरी यानं अडकलेली, त्यामुळे दिवेवाल्याला थांबता येत नाही. दहाच मिनिटं. वेल्डरीण खाली जाते, बहिणीचा हात हातात घेते, परत दारापाशी येते आणि दिवेवाल्याला एकच वाक्य म्हणते. चार-पाच शब्दांचं, अगदी साधं.

मी काकांच्या कानात म्हटलं, "मला इथं सोड."

दिवेवाला काही बोलत नाही. कळ ओढतो. दार मिटतं. त्यानंतर बराच वेळ आपल्याला त्याची फक्त पाठमोरी मान दिसते. तो वळत नाही. यान निघून जातं.

लातूरची मुलगी ओढणीने नाक पुसत होती. भाऊ जिलबीच्या खोक्याकडे बघत होते. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी दारातून शेवटची पाच मिनिटंच काय ती पाहिली होती. "पोरगी बहिणीकडेच गेली ना?" त्या म्हणाल्या. "मग रडताय कशाला सगळे?"

"गेली न्हाई आजी," काका म्हणाले. "त्यानं सोडली तिला."

"सोडली काय काका!" लातूरची मुलगी उसळलीच. "ती स्वतःच्या मनानं उतरली."

"तिनं आपलं तोंडदेखलं म्हनलं, सोड मला हितं. मानूस आसं म्हनतंच. म्हून लगेच सोडायचं? एक डाव म्हनायचं का न्हाई, नको जाऊ? बरं ते बी जाऊ द्या. मागं वळून तरी बगायचं?"

"वळला असता तर त्यालाच निघवलं नसतं. म्हणून नाही वळला तो."

"निघवलं नसतं तर नसतं! काय बिघडलं आसतं?"

"तिकडे यानं अडकली होती काका," भाऊ मध्ये पडले. "पण खरं सांगू का राव, हे सगळं लिहिणाऱ्यांनी वाटोळं केलंय. तिकडे लोक खवळलेत. त्या नटीला दुसरं मोठं काम मिळालं असणार, म्हणून कथेतून उतरवली तिला. बाकी काही नाही."

लातूरच्या मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊंनी हातातली जिलबी खाली ठेवली. "म्हणजे एखादी पोरगी आपली आपण कुठं निघाली, तर ते पण कुणीतरी उतरवलंच असतंय व्हय?"

मला तेव्हा माझी चूक कळली. काकांकडे वळून मी म्हटलं, "काका, माझंच चुकलं. ती म्हणते त्याचा अर्थ, मला इथं उतरायचंय, असा आहे. रिक्षावाल्याला आपण म्हणतो ना, इथं सोडा, तसं मी म्हणून गेले. टाकून दे, या अर्थाने नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "ताई, सव्वा वरीस तुमी सांगितल्यालं मी ऐकलं. आता शेवटाला बदलू नका."

ते जाताना चप्पल घालता घालता सासूबाईंना म्हणाले, "अळू खाजरं न्हाई. बिनघोर करा." त्या दिवशी मालिकेबद्दल ते आणखी काही बोलले नाहीत.

सोमवारपासून मात्र वाद सुरू झाला आणि मागच्या चार सीटांवरून हळूहळू पुढे सरकत गेला. पेंटशॉपच्या दोघांनी उत्सुकतेपोटी शेवटचा भागच तेवढा बघितला आणि तेही काकांच्या बाजूने झाले. अकाउंट्समधल्या बाईंनी लातूरच्या मुलीची बाजू घेतली. "मला विचाराल तर तिने आणखी आधी उतरायला हवं होतं," असं त्या म्हणाल्या, आणि ते मालिकेबद्दलच होतं की कसं, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. ड्रायव्हरने काहीच बघितलं नव्हतं, तरी आरशातून आमच्याकडे बघत त्याने मत दिलं. "गाडी वेळेवर काढली ना त्यानं? मग झालं. ड्रायव्हरला मागं बघता येत नसतं." यावर सगळी बस हसली. काका नाही हसले.

मी कोणत्या बाजूला होते? पहिले काही दिवस काकांच्या. घरी एकटी असताना मी तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला आणि दार मिटण्याआधी दिवेवाल्याचा हात कळीवर किती वेळ नुसता ठेवलेला आहे, ते माझ्या लक्षात आलं. मग मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये तसं सांगितलं. काका म्हणाले, "हात ठिवला. तोंड कुठं उगाडलं?"

असे दोन-तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी स्टीलचा ट्रेलर रस्त्यावर आडवा झाला आणि पुलाअलीकडे आम्ही दीड तास अडकलो. इंजिन बंद. बघायला मालिकाही उरली नव्हती. पुढचे लोक पेंगत होते. काका खिडकीतून खालच्या नदीकडे बघत होते आणि तसंच बघत त्यांनी बोलायला सुरुवात केली.

चाकणला येण्याआधी काका पिंपरीला एका जुन्या कंपनीत होते. टूलरूममध्ये एका बाकावर दोघं जण. जोडीदार कोकणातला होता. दोघं मिळून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, जुळवायचे. एका तुकड्याला निळा रंग लावायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, निळं कुठं उमटतंय ते बघायचं आणि तेवढंच घासायचं. पुन्हा लावायचा, पुन्हा टेकवायचं. "एकानं घासायचं, दुसऱ्यानं बगायचं. अठरा वरसं. डबा बी एकच, अर्धा त्याचा, अर्धा माझा."

मग त्या कंपनीने टूलरूम बंद करायचं ठरवलं. निम्मी माणसं दुसरीकडे घेणार होते, निम्मी घरी बसणार होती. यादी लागली. काकांचं नाव घेतलेल्यांत होतं. जोडीदाराचं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी त्यो म्हनला, गेटवर थांब रं, दोघं चा पिऊ. मी व्हय म्हनलो." टोपीची कड त्यांनी बोटांनी दाबून सरळ केली. "आन् मागच्या गेटनं गेलो."

"का काका?" लातूरच्या मुलीने विचारलं.

"काय तोंड दावू? त्याचा हात माझ्याहून चांगला. सगळ्यांला म्हाईत. आन् मी राहिलो. म्हनलं, उद्या जाऊ त्याच्या घरी. मग परवा. मग चार म्हैने झालं. मग लाज वाटाया लागली. मग सवय झाली."

मला मापांचे आकडे सांगता येतात, पण अशा वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नाही. लातूरची मुलगी मात्र सरळ म्हणाली, "कुठं राहतात ते?"

"कासारवाडीला, रेल्वेच्या बाजूला. तवा तरी ऱ्हात व्हता."

"कासारवाडीला? मी रोज तिथंच उतरते की काका!"

"मग?" काका म्हणाले. पुढची गाडी हलली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि बोलणं तिथंच राहिलं. पण त्या दिवसानंतर शेवटच्या भागावरून कुणी काकांना चिडवलं नाही.

मार्चमध्ये लातूरच्या मुलीची दोन वर्षं संपली. आमच्याकडे ट्रेनींना कायम करायची पद्धत जवळजवळ नव्हतीच. तरी मी साहेबांकडे एकदा शब्द टाकला. ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा टाकायला हवा होता, असं मला अजून वाटतं. पण तिने वाट बघितलीच नाही. वाळूजला एका कंपनीत मुलाखत देऊन आली, त्यांनी घेतलं, आणि मला लॅबमध्ये येऊन म्हणाली, "मॅडम, मला मिळालं." मी तिचं अभिनंदन केलं आणि मग विनाकारण एक मायक्रोमीटर तीनदा पुसला.

शेवटच्या दिवशी तिने कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. सामान आदल्या रविवारीच भावाबरोबर पाठवलेलं होतं, पाठीवर एक सॅक तेवढी होती. कासारवाडीहून लोकल पकडायची, पुणे स्टेशनवरून लातूरची गाडी, चार दिवस घरी राहून मग वाळूज, असा तिचा बेत. संध्याकाळची बस उलट्या क्रमाने रिकामी होते. आधी मोशी, मग भोसरी, मग कासारवाडी आणि सगळ्यांत शेवटी मी. मोशीला बस थांबली. काका उठले नाहीत.

"काका, मोशी!" ड्रायव्हर ओरडला.

"दिसतंय मला. चला."

बस निघाली. भोसरीला भाऊ सवयीने उठले, दोन पावलं पुढे गेले, थांबले आणि परत येऊन बसले. "आता मीच उतरलो तर वाईट दिसेल राव," ते म्हणाले.

कासारवाडीला आम्ही चौघंही उतरलो. स्टेशनवर फारशी गर्दी नव्हती. लोकलला वीस मिनिटं होती. बाकावर आम्ही तिघं मावलो, भाऊ उभे राहिले. सव्वा वर्ष रोज बडबडणारी आम्ही माणसं, पण तिथं विषयच सुचेना. भाऊंनी वाळूजच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर तिला लिहून दिला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. छोटा गुण्या होता, काटकोन तपासायचा, तळहाताएवढा. टाकाऊ तुकड्यातून त्यांनी स्वतः घासून केलेला. कडा अशा गुळगुळीत की स्टेशनचा दिवा त्यात दिसत होता. "तुमच्या लॅबमधल्यापेक्षा खरा हाय," ते माझ्याकडे न बघता तिला म्हणाले. "नव्या ठिकानी कुनी म्हनलं, माप बरोबर हाय, तर आधी ह्यो लावून बग. मग हो म्हन."

ती उठली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. काका म्हणाले, "नको जाऊ." आम्ही सगळे चमकलो. तेही चमकले असावेत. मग घसा साफ करून म्हणाले, "तसं न्हाई. जा तू. जायलाच पायजे. पर मला म्हनायचं व्हतं एक डाव."

गाडी आली. ती चढली, दारातल्या दांड्याला धरून वळली आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशी ओरडली, "काका, मी माझी मी चालले बरं का! कुणी सोडलेलं नाही! ध्यानात ठेवा!"

लोक बघायला लागले. काका आधी हसले, मग हात वर केला आणि शेवटचा डबा सिग्नलपुढे जाईपर्यंत खाली घेतला नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ते मोशीची बस पकडतील. पण ते रस्त्याच्या कडेला थांबले आणि भाऊंना म्हणाले, "रेल्वेच्या कडंनं जी वस्ती हाय, ती ह्या अंगाला का त्या?" आम्ही त्यांच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. पुढे आम्हाला येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोशीला चढल्यावर त्यांनी डबा वर ठेवला, टोपी गुडघ्यावर घेतली आणि आम्ही विचारायच्या आधीच म्हणाले, "हाय तिथंच." घराच्या जागी तीन मजले झालेत, जोडीदार खालच्या मजल्यावर राहतो. ऐकायला कमी येतं. दार त्यानेच उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, ये. जसं काही हे रोजचंच. सून चहा घेऊन आली, तेव्हा तिला म्हणाला, "हा माझा बाकावरचा. माझ्या शेवटच्या दिवशी गेटवर ढसाढसा रडला होता."

"आन् मी तर गेटवर न्हवतोच," काका म्हणाले.

"मग तुम्ही खरं सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगू? चा पिलो आन् आलो."

पंधरा दिवस काका आमच्यात असून नसल्यासारखे होते. एकदा भाऊ म्हणाले, "विसरले असतील ते. वय झालं. तुम्हीपण सोडून द्या." पुढच्या रविवारी काका जोडीदाराकडे पुन्हा गेले. या वेळी सून घरात नव्हती. त्यांनी सगळं सांगून टाकलं, कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, मागच्या गेटासकट.

जोडीदार म्हणाला, "ठाऊक आहे मला. तासभर थांबलो होतो की तिथं."

"मग सुनंला आसं का सांगितलंस?"

"सुनेसमोर काय तुझी लाज काढू?"

हे सांगताना काकांनी तोंड खिडकीकडे केलं. भाऊंनी पाण्याची बाटली पुढे केली. पुलावरून बस सरकत होती आणि त्या दिवशी नेमका रस्ता मोकळा होता.

काका वर्षभराने रिटायर झाले. त्यांच्या घरी मोशीला जेवण होतं. मी आणि भाऊ गेलो तेव्हा अंगणात जोडीदार आधीच येऊन बसला होता, बारीक अंगाचा, कानाला यंत्र लावलेला. काकांनी त्याला आमची मालिका सांगितली होती म्हणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या भाषेत. त्याने ती बघितलेली नाही, बघणारही नाही. पण मत होतं. "ती पोरगी उतरली ते बरं झालं," तो मला म्हणाला. "ह्याला काही कळत नाही." आणि मग जेवणाची पानं वाढून होईपर्यंत दोघं भांडत राहिले. मी आणि भाऊ नुसते ऐकत होतो. लातूरच्या मुलीला फोन लावला तर तिची सेकंड शिफ्ट होती, उचलला नाही, म्हणून मी सगळं लिहून पाठवलं. रात्री मेसेज आला. तीन हसणारे चेहरे आणि खाली, "बगा, कोकणवाल्यांना कळलं."

ती आता वाळूजला कायम झालीय. भाऊंनी नोकरी बदलली, ते तळेगावकडे जातात. अधूनमधून मला लिहितात की तिकडचे लोक म्हणतायत, मालिकेचा नवा भाग येणार, वेल्डरीण परत येणार. काकांना मी ते कळवत नाही. चौघांनी एकदा भेटायचं दर दिवाळीला ठरतं आणि राहतं. वाईट वाटतं, पण भांडण काही झालेलं नाही, एवढं बरं आहे.

मी त्याच बसने जाते. मोशीला आता एक नवीन मुलगी चढते. वायरिंगच्या लाइनवर आहे, बहुधा पहिलीच नोकरी. बसली की दोन मिनिटांत तिला झोप लागते, डोकं खिडकीवर आपटायला लागतं. मी माझी ओढणी गुंडाळून तिच्या आणि काचेच्या मधे सरकवते. पुलाअलीकडे रांग लागलेली असली, की मला बरं वाटतं. तेवढीच तिची झोप होते.